साक्षीवाचून निवाडा

कारेलीबागेतील आमच्या मराठी व कोंकणी घरांत चित्रपटाविषयीचे मत तयार होण्याची रीत अलीकडे फारच सोपी झाली आहे. शुक्रवारी चित्रपट लागतो. शनिवारी सकाळची आरती आटोपून मंडळी देवळाच्या पायरीवर टेकतात, तोवर प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीवर त्या चित्रपटाचा निकाल येऊन पोहोचलेला असतो. कोणी त्यास अडीच तारे दिलेले असतात, कोणी चार. कोणा यूट्यूबवाल्याने चित्रगृहाच्या दारातच उभे राहून ओरडून त्याची वासलात लावलेली असते. आणि कोणाच्या मेव्हण्याच्या ठाण्यातील स्नेह्याने 'जाऊ नका, पैसे पाण्यात' एवढे कळविलेले असते. यांपैकी मेव्हण्याच्या स्नेह्याचे मत सर्वांत भारी ठरते, असा आमचा अनुभव आहे. त्या सद्गृहस्थास पायरीवरील कोणीही पाहिलेले नसते. त्याने चित्रपट पाहिला की नाही, हेही कोणी विचारलेले नसते.

ज्या गावी चित्रपट महिनाभर चालतो त्या गावी हा प्रकार गमतीचा म्हणून सोडून देता येईल. बडोद्यास तसे नाही. एके काळी येथील राजदरबारची भाषा मराठी होती, २०१८ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही येथे थाटाने भरले. तथापि मराठी चित्रपटास येथे मिळतात ते मोजके खेळ, आणि तेही बहुधा अशा वेळी की नोकरदाराने रजा काढावी आणि म्हाताऱ्याने झोप मोडावी. कोंकणी चित्रपटाचे तर नावच नको. पहिल्या दोनतीन दिवसांत खुर्च्या रिकाम्या दिसल्या की चित्रगृहवाला पुढच्या आठवड्यात तो खेळ दुसऱ्यास देतो, आणि त्यास दोष तरी काय द्यावा! म्हणजे आमच्या येथे शनिवारी पायरीवर झालेला निवाडा हाच अखेरचा. त्यावर अपील नाही. म्हणून कोणाच्या मतावर विश्वास टाकावा हा प्रश्न आमच्यापुरता रिकामटेकड्यांचा नव्हे. त्यावर आमच्या भाषांतील चित्रपट येथे दिसणार की नाही हे अवलंबून आहे.

आम्ही वकिली करतो, आणि परक्याच्या बोलण्यावर विश्वास केव्हा ठेवावा याचाच विचार करण्यात आमचा दिवस जातो. न्यायालयात साक्षीदार उभा राहिला की पहिला प्रश्न असा की, हे तू स्वतः पाहिलेस काय? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या अधिनियमातही, नियम एकच आहे: पाहण्याजोगी गोष्ट असेल तर ती पाहणाऱ्यानेच येऊन सांगितली पाहिजे. सांगोवांगीची साक्ष चालत नाही. अमुक तज्ज्ञ आहे म्हणून त्याचे मत ऐकले जाते खरे, परंतु त्या मतामागील कारणेही न्यायालय तपासू शकते. कारण न देणारा तज्ज्ञ कितीही पदव्या मिरवीत आला तरी उलटतपासणीत त्याचे फार वेळ निभत नाही. आता याच मापाने आमच्या पायरीवरील मते मोजून पाहावीत. अडीच तारे हे मत आहे, कारण नव्हे. अडीचच का, पावणेतीन का नाहीत, हे विचारण्याची सोयच त्यात ठेवलेली नाही. तिकिटांच्या विक्रीचा आकडाही तसाच. तो किती लोक गेले ते सांगतो. ते का गेले, आणि बाहेर येताना काय घेऊन आले, याविषयी तो मुका असतो.

येथे आमचे काही मित्र आम्हांस अडवितात. ते म्हणतात, पंचामुखी परमेश्वर. लोकांस आवडले ते चांगले, बाकी टीकाकारांची पोपटपंची. या युक्तिवादात अर्धे सत्य आहे, आणि ते कबूल केलेच पाहिजे. १९७५ साली 'जय संतोषी माँ' नावाचा, थोड्या पैशांत काढलेला, फारसे नामवंत नट नसलेला एक चित्रपट आला. जाणत्या म्हणविणाऱ्या वर्गाने त्याकडे नाक मुरडून पाहिले. आणि देशभर बाया-माणसे चित्रगृहाच्या दारात चपला काढून आत गेली, पडद्यावर देवी येताच त्यांनी पैसे उधळले, आरत्या केल्या. शुक्रवारचे व्रत ज्या प्रांतांत कोणास ठाऊक नव्हते तेथेही ते घरोघरी गेले. त्याच वर्षी 'शोले' लागला. पहिल्या दिवसांत धंद्यातील पंडितांनी व काही परीक्षकांनी त्याचे फारसे स्वागत केले नव्हते; मुंबईच्या 'मिनर्व्हा'त तो पाच वर्षे चालला. या दोन्ही ठिकाणी टीकाकार चुकले आणि लोक बरोबर ठरले, असे म्हणण्यास आमची हरकत नाही. 'संतोषी माँ'च्या बाबतीत तर ते केवळ चुकले नाहीत, त्यांनी आपले कामच केले नाही. समोर हजारो माणसे हात जोडून बसली आहेत, हे दृश्य पाहून ज्यास 'भोळी माणसे' यापलीकडे काही सुचत नाही, तो परीक्षक चित्रपटही नीट पाहत नाही आणि माणसेही. देवळाच्या पायरीवर बसणाऱ्यांनी अशा टीकाकारावर विश्वास का ठेवावा? आम्हीही ठेवणार नाही.

परंतु पंचांच्या मुखीचा परमेश्वर कधी कधी फार उशिरा बोलतो. १९५९ साली गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' आला. सिनेमास्कोप पद्धतीचा तो आपल्याकडील पहिला चित्रपट, व्ही. के. मूर्तींनी त्यात प्रकाशाचा जो उपयोग केला आहे तो आज शिकणाऱ्या मुलांस दाखविला जातो. त्या वेळी तो सपशेल पडला. लोकांनी टाकला, आणि लिहिणाऱ्यांनीही त्यास फारसे सावरले नाही. त्यानंतर गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव कोणत्याही चित्रपटास दिले नाही, आणि १९६४ च्या ऑक्टोबरात वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या कामगिरीची कारणांसह मांडणी करणारे अरुण खोपकरांचे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हे मराठी पुस्तक आले ते त्यानंतर वीस वर्षांनी. पुस्तक उत्तम आहे, त्यास राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. परंतु ज्यास ते वाचून धीर यावा तो माणूस तेव्हा नव्हता. पडुकोणे घराण्यातील म्हणून 'गुरुदत्त आमगेलो' असे सांगताना आज आमच्या सारस्वत मंडळींची छाती फुगते. १९५९ च्या त्या आठवड्यांत आमच्यापैकी किती जणांनी शेजाऱ्यास हाक मारून 'चला, हा पाहू या' असे म्हटले असेल, हे विचारण्याचे धाडस मात्र कोणी करीत नाही.

तेव्हा लोक चुकतात, आणि टीकाकारही चुकतात. मग फरक कशात? आमच्या मते फरक इतकाच की, कारणे देणाऱ्याची चूक पुढे दुरुस्त करता येते. त्याने काय पाहिले, कशास महत्त्व दिले आणि कोठे त्याची नजर अडखळली, हे त्याच्या लिखाणातच नोंदलेले असते. दुसरा कोणी येऊन ती नोंद तपासू शकतो. आकड्याची आणि ताऱ्यांची अशी तपासणी होत नाही. आम्ही एका टीकाकाराचे लेखन कित्येक वर्षे वाचतो; त्याचे व आमचे मत दहांत आठ वेळा जुळत नाही. त्याने ज्यास 'भावविवश' म्हणून झोडपावे तो चित्रपट आम्ही आवर्जून सहकुटुंब पाहावा, आणि सहसा पस्तावू नये. असा टीकाकार आमच्या फार उपयोगाचा आहे. त्याची आवड आम्हांस ठाऊक आहे, तो कारण लपवीत नाही, आणि दर वेळी बाजू बदलत नाही.

विश्वास हा ओळखीतून येतो, आणि ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. गोव्यातील देवस्थानांच्या उत्सवांत रात्र रात्र नाटके चालत. पुढच्या रांगेत बसलेल्या कोणत्या म्हाताऱ्याने मान हलविली म्हणजे गाणे जमले, हे सबंध गाव जाणून असे. बडोद्यास उस्ताद फैयाजखाँसाहेब होते त्या काळी येथेही बैठकीस येणारे असे कान होते, की ज्यांची दाद मोजून मिळे आणि म्हणूनच मोलाची ठरे. त्या रसिकांची परीक्षा वर्षानुवर्षे झालेली होती. त्यांनी एकदा खोटी दाद दिली असती तर दुसऱ्या वेळी त्यांच्याकडे कोणी पाहिले नसते. चित्रगृहाच्या दारातून ओरडणाऱ्या आजच्या परीक्षकास ही भीतीच नाही. उद्या त्याचे मत कोणाच्या ध्यानात राहणार आहे!

ओळखीबरोबर दुसरी एक गोष्ट पाहावी लागते, आणि ती अवघड आहे. मत देणाऱ्याचा त्यात स्वार्थ आहे काय? आमच्या चित्रपटसमीक्षेच्या इतिहासात याचे फार बोलके उदाहरण आहे. बाबुराव पटेलांनी १९३५ साली मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढले. त्यांच्या लेखणीची दहशत एवढी होती की निर्माते तिचा धसका घेत, आणि वाचकांच्या प्रश्नांना ते जी उत्तरे देत त्यांसाठीच पुष्कळ लोक अंक विकत घेत. भाषा धारदार, विनोद निर्दय, आणि निर्मात्यांपुढे न वाकण्याचा बाणा. आम्हांस हे सर्व आवडते. पण याच बाबुरावांनी १९४४ साली 'द्रौपदी' व १९४६ साली 'ग्वालन' हे चित्रपट स्वतः दिग्दर्शित केले, आणि दोहोंत नायिका होत्या त्यांच्या पत्नी सुशीलाराणी. सुशीलाराणींच्या गाण्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु इतरांच्या चित्रपटांवर दर महिन्यास निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचा स्वतःचाच खटला बोर्डावर आला, म्हणजे वाचकाने काय करावे? शिवाय नटनटींच्या रूपावर व खाजगी आयुष्यावर ते बिनदिक्कत घसरत. त्यांच्याच काळी 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये ख्वाजा अहमद अब्बास परीक्षणे लिहीत. त्यांची भाषा साधी. चित्रपट समाजाविषयी काय म्हणतो, याकडे त्यांचे लक्ष. तेही पुढे चित्रपट लिहू लागले व काढू लागले. आमच्याकडे केशवराव भोळ्यांचे तसेच झाले. 'एकलव्य' या नावाने गायकांवर मार्मिक लेख लिहिणारा हा माणूस 'प्रभात'मध्ये गेला, आणि १९३६ च्या 'संत तुकाराम'चे संगीत त्याने दिले. ज्या चित्रपटाचा पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तोच हा. कला जाणणारा कलेत उतरला यात वावगे काही नाही. मात्र ज्या दिवशी तो उतरतो त्या दिवसापासून आपण कोणत्या बाजूस उभे आहोत, हे त्याने वाचकास सांगितले पाहिजे.

आज हा प्रश्न बाबुरावांच्या काळाहून बिकट आहे. तेव्हा मालक, संपादक आणि टीकाकार एकच असला तरी त्याचे नाव मुखपृष्ठावर असे. आज चार तारे देणाऱ्याने निर्मात्याच्या खर्चाने प्रवास केला, की मोबदला घेतला, हे बाहेरच्यास कळावे कसे? सरकारने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, एखाद्या वस्तूची शिफारस करून पैसे वा लाभ घेणाऱ्या समाजमाध्यमांवरील मंडळींनी ते उघड सांगितले पाहिजे. फसव्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम चांगला आहे. परंतु चित्रपटाचे परीक्षण करणाऱ्या किती जणांनी असे सांगितलेले आमच्या वाचकांच्या पाहण्यात आले आहे?

निर्मात्यांनी दुसराच उपाय शोधला आहे: तोंडच बंद करावे. केरळच्या उच्च न्यायालयात २०२३ साली एका दिग्दर्शकाने दाद मागितली. न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने २०२४ च्या मार्चमध्ये सुचविले की चित्रपट लागल्यापासून अठ्ठेचाळीस तास यूट्यूबसारख्या ठिकाणच्या परीक्षकांनी परीक्षण टाळावे. तमिळ निर्मात्यांनी मद्रासच्या न्यायालयाकडे तीन दिवसांची मनाई मागितली. २०२४ च्या डिसेंबरात त्या न्यायालयाने तसा अंतरिम हुकूम देण्यास नकार दिला. आमच्या मते तेच योग्य झाले. पहिले तीन दिवस जाहिरातवाल्याने मनसोक्त बोलावे आणि तिकीट काढून आलेल्याने मूग गिळून बसावे, हा कोठला न्याय? शिवाय बडोद्यासारख्या ठिकाणी तीन दिवस गप्प बसणे म्हणजे चित्रपट उतरल्यावर बोलणे. खोटे परीक्षण ज्याने पैसे देऊन वा घेऊन करविले त्यास धरावे. सच्च्या प्रेक्षकाचे तोंड दाबू नये.

कायद्याने या बाबतीत फार पूर्वी शहाणपणाची रेषा आखून ठेवली आहे. १८६० च्या दंडसंहितेत बदनामीस जे अपवाद दिले होते, आणि जे २०२३ च्या न्याय संहितेनेही कायम ठेवले, त्यांत एक असा की, लोकांपुढे ठेवलेल्या कलाकृतीच्या गुणदोषांविषयी सद्भावनेने दिलेले मत ही बदनामी नव्हे. ग्रंथकार पुस्तक छापतो, नट रंगभूमीवर येतो, तेव्हा तो स्वतःच लोकांस 'मला तपासा' असे सांगत असतो. संहितेत दिलेले उदाहरण मोठे मजेदार आहे. 'हे पुस्तक मूर्खपणाचे आहे, लिहिणारा दुबळ्या बुद्धीचा असावा' असे म्हणण्यास मुभा आहे, कारण ते मत पुस्तकावरून बनलेले आहे. 'पुस्तक मूर्खपणाचे असणारच, कारण लिहिणारा दुर्वर्तनी आहे' असे म्हणण्यास मात्र ती मुभा नाही. येथे मत पुस्तकावरून बनलेलेच नाही. आणि सद्भावना कशास म्हणावे? योग्य ती काळजी व लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे कायदा मानीत नाही. न पाहता दिलेल्या मतात काळजी कोणती आणि लक्ष कोणते?

गुजरातेत राहणाऱ्यांस या उदाहरणाची सत्यता दोनदा तरी पटली आहे. २००६ साली 'फना' नावाचा चित्रपट येथील जवळजवळ सर्व चित्रगृहांनी लावला नाही. त्यातील नायकाने नर्मदेच्या धरणग्रस्तांविषयी काही विधान केले होते. चित्रपटात नर्मदाही नव्हती आणि धरणही. पुढे २०१८ च्या जानेवारीत 'पद्मावत'ची पाळी आली. त्या चित्रपटावर राज्यांनी घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारीस स्थगित केली. तरीही गुजरातेतील चित्रगृहवाल्यांनी भीतीपोटी तो लावला नाही. जाळपोळ करणाऱ्यांपैकी कोणीही तो पाहिलेला नव्हता, कारण तो लागलेलाच नव्हता! पुढे विरोधकांतील एका गटाने तो मुंबईत पाहिला, आणि यात राजपुतांचा गौरवच आहे असे जाहीर केले. दुसऱ्या गटाने ते नाकारले. त्या दोन गटांचे काय व्हायचे ते होवो. आम्हांस खटकते ते हे की, चित्रपट पाहून आपले मत आपण बनवावे हा बडोद्यातील सामान्य माणसाचा हक्क त्या भांडणात कोणाच्याच खिजगणतीत नव्हता.

हे बाहेरच्यांचे झाले. आमच्या मंडळींस वाटते, आपण तसे नाही. आपण दगड उचलीत नाही. खरे आहे. आपण नुसता संदेश पुढे पाठवितो. काही महिन्यांपूर्वी एक मराठी चित्रपट बडोद्यास लागला. चित्रपटाचे नाव येथे देत नाही, कारण संदेश पाठविणारे पुष्कळ आमच्या ओळखीचे आहेत. शुक्रवारी रात्रीच आमच्या मंडळींत फिरू लागले की, यात देवाच्या पालखीची टवाळी केली आहे, कोणी जाऊ नये. शनिवारी पायरीवर आम्ही एकेकास विचारले, हे तुम्ही पाहिले काय? कोणी म्हणाले, पुण्याहून आले. कोणी म्हणाले, वडीलधाऱ्यांनी पाठविले, मग विचारावयाचे कशास? रविवारी आम्ही स्वतः गेलो. आम्ही धरून चौदा माणसे होती. पालखीचा प्रसंग होता. त्यात पालखीचे भोई होते, त्यांची मजुरी बुडविणारा एक मानकरी होता, आणि त्या मानकऱ्याची टवाळी यथास्थित केलेली होती. देवाविषयी अवाक्षर नव्हते. आम्ही तसे लिहून पाठविले. उत्तरादाखल दोन जोडलेले हात आले. पुढच्या शुक्रवारी चित्रपट उतरला.

अशा वेळी आम्हांस 'पलतडचो मनीस' आठवतो. लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा, महाबळेश्वर सैलांच्या कथेवरील हा कोंकणी चित्रपट. २००९ साली टोरांटोच्या महोत्सवात चित्रपटसमीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यास पारितोषिक दिले. त्यातही जंगलाच्या जागेत देऊळ उभारू पाहणारे गावकरी आहेत, आणि एका वेड्या बाईस आसरा देणाऱ्या वनरक्षकावर उलटणारेही तेच आहेत. टोरांटोत बसलेल्या परक्या परीक्षकांनी आमची भाषा कळत नसता तो शेवटपर्यंत पाहिला आणि मग मत दिले. आमच्या पायरीवर त्याचे काय झाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी.

दादासाहेब फाळके याच बडोद्याच्या कलाभवनात शिकले, असे आपण पाहुण्यांस अभिमानाने सांगतो. त्या गावातील या मासिकाच्या वाचकांकरिता संपादकांनी एक पान राखून ठेवावे, अशी आमची विनंती आहे. मराठी चित्रपटाचे परीक्षण मराठीत यावे, कोंकणीचे कोंकणीत. खाली लिहिणाऱ्याचे खरे नाव असावे; चित्रपट कोणत्या दिवशी, कोठे पाहिला आणि तिकीट कोणाच्या पैशाने काढले, हेही छापावे. तारे देऊ नयेत. आणि ज्या चित्रपटाविषयी आपल्या मंडळींत आधीच संदेश फिरला असेल, त्याचे परीक्षण प्रथम घ्यावे. पहिल्या अंकासाठी त्या पालखीच्या चित्रपटाचे परीक्षण आम्ही लिहून ठेवले आहे. तिकीट आमच्याच पैशाचे होते.